निवड कोणाची? शाळेची की मुलाची?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या नांदूरघाटात आषाढ सरत आला, की दोन गोष्टींची बोलणी एकाच पारावर सुरू होतात. एक मुकादमाच्या उचलीची आणि दुसरी नवोदयच्या फॉर्मची. यंदा कोण कोणत्या टोळीत जाणार, कोयत्यामागे किती उचल मिळणार, हे एकीकडे. आणि पाचवीतल्या कोणाकोणाचे फॉर्म भरायचे, हे दुसरीकडे. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मला तो दिसतो. दोन्हींत घरातले माणूस घराबाहेर पाठवायचे असते, आणि दोन्हींत सही किंवा अंगठा करणाऱ्याला त्या कागदावर नेमके काय लिहिले आहे हे पुरते ठाऊक नसते.

यंदा हा प्रश्न आमच्याच घरात आला. माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. गुरुजींनी निरोप धाडला, की पोरगी हुशार आहे, निवासी शाळांचे फॉर्म भरून टाका. वडिलांनी तो निरोप जसाच्या तसा माझ्याकडे दिला. म्हणाले, "तू कॉलेजला हायेस. कोणकोणत्या शाळेचं फारम भरायचं ते तूच ठरीव. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी असा विश्वास टाकल्यावर मला अभिमान वाटायला हवा होता. प्रत्यक्षात भीतीच वाटली. कारण नऊ वर्षांपूर्वी याच घरात माझे फॉर्म भरले गेले होते आणि त्यांचे काय झाले हे मी विसरलेलो नाही. त्या भीतीतूनच हा लेख लिहीत आहे. आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी माझ्यासारखेच आहेत. त्यांच्याही घरी पाचवीतला एखादा भाऊ, बहीण, पुतण्या किंवा भाची असेल आणि त्यांनाही कोणी तरी म्हणेल, "तूच ठरीव." तेव्हा ठरवायचे कसे, याविषयी मला जे वाटते ते सांगतो.

प्रथम थोडे मागे जाऊ. मुलांना वसतिगृहात ठेवून शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडून सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. या वसतिगृहांचा दरवाजा गरजेने उघडत असे. गावात शाळा नाही, घरात भाकरी नाही, पण शिकायचे आहे, एवढे सांगणे तेथे पुरेसे होते.

स्वातंत्र्यानंतर त्याच्या जोडीला एक दुसरी कल्पना आली. खेड्यापाड्यांतील हुशार मुले हेरावीत, निवडून घ्यावीत आणि त्यांना उत्तम शिक्षण द्यावे, अशी ती कल्पना होती. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. साठच्या दशकातच मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना राज्यात शासकीय विद्यानिकेतने निघाली. त्यांतील औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, विद्यानिकेतन आपल्या मराठवाड्यातील जुन्या शिक्षकांच्या तोंडी अजून आहे. पुढे १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हा उपक्रम देशभर नेला. आज देशात साडेसहाशेहून अधिक नवोदय विद्यालये आहेत. बीड जिल्ह्याचे विद्यालय गेवराई तालुक्यात गढी येथे आहे. नांदूरघाटहून तेथे जायचे म्हणजे आधी बीड गाठायचे आणि मग गेवराईच्या रस्त्याला लागायचे.

या दोन कल्पनांमधला फरक लहान नाही. पहिलीने गरज पाहिली, दुसरी गुण पाहते. पहिलीच्या दारात मूल स्वतः जाऊन उभे राहत असे, दुसरीच्या दारात परीक्षा उभी आहे. दुसरी कल्पना वाईट आहे असे मी म्हणत नाही. नवोदयने खेड्यातील किती तरी मुलांचे सोने केले आहे. पण या परीक्षेमुळे आपल्या मनात एक समजूत पक्की बसली आहे, ती अशी की निवड करणार ती शाळा. आपण फक्त फॉर्म भरायचे आणि यादीची वाट पाहायची. आपणही शाळा निवडायची असते, एखादी नाकारायची असते, हे शहाणपण पैसेवाल्या घरांना उपजत असते. आमच्यासारख्या घरांना ते कोणी सांगतच नाही.

आता माझी हकिकत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी मी पाचवीत गेलो. गावात काम नव्हते. आईवडील दरसालप्रमाणे ऊसतोडीला जाणार हे ठरलेलेच होते. मला आजीजवळ ठेवायचे की बरोबर न्यायचे, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यात कोणी तरी सुचविले, की अमुक एका शहरात नवोदय आणि सैनिक शाळेची तयारी करून घेणारा निवासी वर्ग आहे. पोराची राहण्याची सोय होईल आणि नंबरही लागेल. सहा महिन्यांचे बावीस हजार रुपये. वडिलांनी मुकादमाकडून तेवढी उचल जास्त घेतली.

बावीस हजार म्हणजे किती, हे मला त्या वेळी कळत नव्हते. आज कळते. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीचा दर वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. या वाढलेल्या दराने हिशेब केला तरी बावीस हजारांसाठी साठ टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, वाहनात चढवावा लागतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघे मिळून, दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतात. म्हणजे दोघांचा पुरा एक महिना. आणि २०१६ साली दर याहून पुष्कळ कमी होता.

त्या वर्गात आम्ही एका खोलीत दहाजण होतो. पटावर आमची नावे आपापल्या गावच्या शाळेत होती आणि आम्ही त्या खोलीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत आकृत्या, सरासरी, शेकडेवारी. एक आकृती डावीकडे वळली तर पुढची कशी वळेल, हे मी झोपेतही सांगू शकलो असतो. तेथील सरांनी आमचे मिळेल त्या शाळेचे फॉर्म भरले. कोणत्या शाळेत काय शिकवितात, तेथे कोणत्या भाषेत बोलतात, किती पैसे लागतात, हे ना आम्हाला कोणी सांगितले, ना आमच्या वडिलांना.

निकाल लागले. एकाही यादीत माझे नाव नव्हते. वडील तेव्हा फडात होते. मुकादमाच्या मोबाइलवर त्यांना कळविले. ते एवढेच म्हणाले, "बरं. जेवला का?" त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण पुढच्या हंगामात त्या उचलीपायी ते इतरांच्या मागून गावी परतले, हे मी पाहिले. गावात माझे नाव 'नंबर न लागलेला' असे पडले आणि मला स्वतःलाही बरीच वर्षे तसेच वाटत राहिले. दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या एका पेपरने सांगितले की तू बेताचाच, आणि त्याने ते खरे मानले. नवोदयची परीक्षा एकदाच देता येते. त्यामुळे पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणायचीही सोय नव्हती.

पुढे अकरावीत असताना एकदा सहज सैनिक शाळेच्या शुल्काचा आकडा माझ्या वाचनात आला. वर्षाला लाखाच्या घरात जाणारी ती रक्कम पाहून मी थबकलो. उत्पन्नानुसार शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत हे खरे. पण त्या कोणाला मिळतात, केव्हा मिळतात, तोवर पैसे कोणी भरायचे, याची चौकशी आमच्यापैकी कोणीही केली नव्हती. याचा अर्थ असा, की यादीत माझे नाव आले असते तरी कदाचित मी तेथे गेलो नसतो. मग त्या शाळेसाठी पाठ केलेले सामान्यज्ञान, ते रात्रीचे जागरण, ती उचल, हे सारे कशासाठी होते? जी शाळा आम्हाला परवडणारच नव्हती तिने मला नाकारले, याचे दुःख मी सहा वर्षे वागविले. हे कळल्या दिवशी मला हसावे की रडावे समजेना.

येथे कोणी म्हणेल, "फॉर्म भरायला काय जाते? दहा ठिकाणी भरा, एका ठिकाणी तरी लागेल." हा सल्ला मी पारावर ऐकला आहे आणि काही सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकला आहे. नवोदयच्या फॉर्मला पैसे पडत नाहीत हे खरे. पण प्रत्येक फॉर्ममागे एक वेगळी परीक्षा असते. नवोदयला दोन तासांत ८० प्रश्न. त्यांतले निम्मे बुद्धिमत्तेचे, उरलेले अंकगणिताचे व भाषेचे. सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशाला अडीच तासांत १२५ प्रश्न आणि ३०० गुण. त्यांतले निम्मे गुण एकट्या गणिताला, आणि सामान्यज्ञान वेगळे. दोन्हींची तयारी करणारे मूल दहा वर्षांचे आहे, हे आपण विसरतो. शिवाय दर फॉर्मबरोबर घरात एक आशा येते, आणि ती नाहीशी होते तेव्हा तिचा भार त्या मुलावरच पडतो. तेव्हा फॉर्म भरायला काही जात नाही, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही.

अर्थात नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षी आमच्या ओळखीतल्या एका मुलाची नवोदयला निवड झाली. त्याचे वडीलही ऊसतोड मजूर. आज तो अभियांत्रिकीला आहे. दिवाळीत भेटला तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारले. त्याने सांगितले, की पहिले सहा महिने तो रोज रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडत असे. पुढे रुळला. जेवण, कपडे, पुस्तके, कशालाही घरचा पैसा लागला नाही. नववीत एक वर्ष त्याला हिंदी भाषिक राज्यातील नवोदयला पाठविले. नवोदयच्या पद्धतीप्रमाणे नववीतली तीस टक्के मुले अशी एका वर्षासाठी अदलाबदलीने जातात. तेथे तो हिंदी बोलायला शिकला आणि त्याची भीड चेपली. "गेलो नसतो तर आज माझ्या हातात कोयता असता," असे तो स्पष्ट म्हणाला. पण जाता जाता त्याने आणखी एक वाक्य उच्चारले. तो म्हणाला, "चांगलंच झालं, पण मला तवा कुणी इचारलं न्हवतं."

मला वाटते, या एका वाक्यात सारे आले. ज्याचा नंबर लागला त्यालाही कोणी विचारले नाही आणि ज्याचा लागला नाही त्यालाही कोणी विचारले नाही. आम्ही दोघेही निवडले जाण्यासाठी पाठविले गेलो होतो. आमच्या वतीने शाळेची निवड कोणीच केली नव्हती.

म्हणून यंदा बहिणीची गोष्ट निघाली तेव्हा मी ठरविले, की आधी चार प्रश्नांची उत्तरे शोधायची आणि मगच ऑनलाइन केंद्राची पायरी चढायची.

पहिला प्रश्न खर्चाचा. शाळा मोफत आहे का? नसेल तर सातही वर्षांचा खर्च कोण करणार? पहिल्या वर्षाचे पैसे उचल घेऊन भरता येतात, पण सात वर्षे उचल घेता येत नाही. नवोदयमध्ये राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत आहेत. नववीपासून विकास निधी घेतात, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालील घरांना माफ आहे.

दुसरा प्रश्न शाळेच्या हेतूचा. प्रत्येक शाळा कशासाठी तरी निघालेली असते. सैनिक शाळा मुलांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करण्याकरिता निघाल्या. ज्याला सैन्यात अधिकारी व्हावेसे वाटते त्याला यासारखी दुसरी शाळा नाही. पण केवळ 'मोठे नाव' म्हणून तेथे मूल घालणे हा त्या शाळेवर आणि मुलावर, दोघांवरही अन्याय आहे. नवोदयमध्ये पहिली दोन-तीन वर्षे मातृभाषेचा आधार असतो आणि पुढे इंग्रजी-हिंदीतून शिकावे लागते. हे आधी माहीत असले, तर मूल त्या वळणावर गांगरत नाही.

तिसरा प्रश्न भेटीचा. मूल आजारी पडले, रडले, तर घरचे कोणी किती वेळात पोहोचेल? इतरांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण आमच्या भागातील आईवडील वर्षातले सहा महिने कोल्हापूर, सांगली नाही तर कर्नाटकात असतात. शाळेच्या भेटीच्या रविवारी प्रत्येकाच्या घरचे डबा घेऊन येणार आणि आपल्या मुलाला भेटायला कोण जाणार, हे आधीच ठरलेले हवे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नंबर लागला नाही तर काय? बीड जिल्ह्यात अकरा तालुके आणि नवोदयच्या सहावीत जागा ८०. सरासरीने तालुक्याच्या वाट्याला सात-आठ मुले येतात, आणि एकट्या केज तालुक्यात शंभराहून अधिक गावे आहेत. म्हणजे न लागणे हाच नियम आहे, लागणे हा अपवाद. जे बहुतेकांचे होणार आहे त्याची तयारी कोणीच करीत नाही आणि जे थोड्यांचे होणार आहे त्यासाठी सारे घर कर्ज काढते. मला हे उलटे वाटते. नंबर लागला नाही तर हे मूल कोणत्या शाळेत जाईल, कोणाजवळ राहील, त्याचा अभ्यास कोण पाहील, हे आधी ठरवावे आणि ते मुलाला सांगावे. मग परीक्षेला बसताना त्याच्या पायाखाली जमीन असते.

हे चार प्रश्न घेऊन मी एका संध्याकाळी बहिणीजवळ बसलो. येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. सैनिक शाळेचे नाव मी मनातल्या मनात आधीच खोडले होते, आणि त्याचे कारण खर्च नव्हते, तर 'ती मुलगी आहे' हे होते. मी तिला नवोदयविषयीच सांगत होतो. शेजारी भाकरी थापणाऱ्या आईने विचारले, "अन् ती सैनिकाची शाळा? ती कामून न्हाई सांगत तिला?" मी म्हणालो, "ती पोरांची." आईने परत विचारले, "तुला नक्की ठाव हाय?" मला नक्की ठाऊक नव्हते. शोध घेतल्यावर कळले, की २०२१-२२ पासून सैनिक शाळांत मुलींना प्रवेश मिळतो. २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांतील सतरा जणी उत्तीर्ण होऊन बाहेरही पडल्या. अक्षरओळख नसलेल्या आईने बी.ए.ला असलेल्या मुलाला त्या दिवशी वाचायला लावले.

मग मी तिला सारे सांगितले. गढी कोठे आहे, सातारा कोठे आहे, कोठे काय शिकवितात, कोठे किती पैसे लागतात. ती शांतपणे ऐकत होती. तिने तीनच प्रश्न विचारले. तेथे रात्री दिवे बंद करतात का? आजीला एकटे कोण सांभाळील? आणि नंबर लागला नाही तर "तुझ्यासारखं मलाबी गावात म्हणतील का?" तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. मी म्हणालो, "म्हणू दे. घरात कुणी म्हणणार न्हाई."

आम्ही एकच फॉर्म भरला, नवोदयचा. सैनिक शाळेचा भरला नाही, कारण तिला सैन्यात जायचे नाही असे तिने सांगितले आणि तो खर्च आम्हाला झेपणारा नाही हे वडिलांनी सांगितले. 'मुलगी म्हणून' हे कारण आम्ही काढून टाकले. कोणताही निवासी वर्ग लावला नाही. मी दर शनिवार-रविवारी गावी जाऊन तिचा अभ्यास घेतला आणि इतर दिवशी ती आपल्या शाळेत जाऊन, मैत्रिणींबरोबर खेळून, आजीजवळ झोपली. नंबर लागला नाही तर ती गावातल्याच शाळेत सहावीला जाईल आणि माझे शनिवार-रविवार तसेच चालू राहतील, हेही ठरले आहे.

परीक्षेच्या दिवशी तिला केंद्रावर मीच घेऊन गेलो. आईवडील फडात होते. तेथे जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. कित्येक मुलांबरोबर आजी किंवा आजोबा आले होते. गेटपर्यंत सोडून ती म्हातारी माणसे झाडाखाली बसली होती. आमच्या भागात फॉर्म भरतात ते पावसाळ्यात, आईवडील गावात असताना. आणि ही परीक्षा येते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात. फॉर्म भरलेली काही मुले तोवर आईवडिलांबरोबर उसाच्या फडात गेलेली असतात. नियमाप्रमाणे तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे मुलाने पूर्ण शाळा केलेली असावी लागते. कागदावर ती पुरी दिसतात. पण ज्या मुलाने दर वर्षी सहा महिने कोपीत राहून धाकट्या भावंडाला सांभाळले आणि वाढे गोळा केले, ते त्या ८० प्रश्नांपुढे कसे टिकणार? ज्या मुलांना राहण्याच्या सोयीची सर्वांत अधिक गरज आहे तीच या परीक्षेपासून सर्वांत दूर आहेत, हा विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही.

म्हणून माझे असे प्रामाणिक मत आहे, की निवड करणाऱ्या शाळांइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, चर्चा आपल्या भागात निवड न करणाऱ्या वसतिगृहांची व्हायला हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली, तीत बीड जिल्ह्याचा समावेश आहे. शाहू महाराजांची आणि भाऊरावांची जी पहिली कल्पना मी वर सांगितली, तिचीच ही नवी रूपे आहेत. नवोदयच्या यादीची वाट आपण जेवढ्या उत्सुकतेने पाहतो तेवढ्या उत्सुकतेने आपल्या गावाचे हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले का, तेथे मुलांना दोन वेळा पोटभर मिळते का, हे विचारले, तर ८० मुलांऐवजी पुष्कळांचे भले होईल.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी एक विनंती. दर वर्षी फॉर्मच्या दिवसांत आपण आपापल्या गावच्या शाळेत दोन रविवार जाऊन बसू या. पालकांना फॉर्म भरून देण्यासाठी नव्हे. ते ऑनलाइन केंद्रवालाही करतो. त्यांच्याजवळ बसून हे चार प्रश्न विचारण्यासाठी, शाळेची माहिती मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी, आणि मुलाला काय वाटते ते त्याच्याच तोंडून ऐकण्यासाठी. आपल्या प्राध्यापकांनाही माझी नम्र विनंती आहे, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याच्या आणि झाडे लावण्याच्या जोडीला हेही काम घ्यावे. आम्ही पहिल्या पिढीचे शिकलेले आहोत. आमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग आमच्याच घरातल्या दुसऱ्या मुलाला व्हावा, यात गैर काय आहे?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा नवोदयची यादी कदाचित लागलेली असेल. माझ्या बहिणीचे नाव तीत असेल किंवा नसेल. मी हा लेख मुद्दाम यादी लागण्याच्या आधी लिहून दिला आहे. नाव आले असते तर मी आनंदात हे सारे विसरलो असतो, आणि आले नसते तर वाचणाऱ्यांना ती माझी तक्रार वाटली असती. आज ती अंगणात लंगडी घालते आहे आणि आजी तिला ओरडते आहे, की परीक्षा झाली म्हणून काय अभ्यास संपला का? परवा आईवडिलांचा फडातून फोन आला, तेव्हा वडिलांनी तिला पेपर कसा गेला हे विचारले नाही. "जेवली का?" एवढेच विचारले.